उंच गाडीचा स्वस्त किट : आधी माप, मग सौदा

आठवडे बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याला दुकानभाडे पडत नाही, असे पेढीवर बसणारे लोक म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. आमचे भाडे रस्ता वसूल करतो. टायर, पाटे, शॉकॲब्सॉर्बर, क्लच अशा रूपाने ते दर पावसाळ्यानंतर भरावेच लागते. म्हणून गाडीचा विषय मी आज व्यापाराच्या पानावर मांडत आहे. जुनी बोलेरो, सुमो, आर्माडा किंवा जिप्सी बाळगणाऱ्या आपल्या बांधवांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. ‘गाडी दोन इंच उंच करून घ्या, लिफ्ट किट स्वस्तात मिळतो.’ हा सल्ला ऐकून पैसे मोजण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात, एवढीच माझी विनंती आहे.

मी दिंडोरीत तीस वर्षे कापडाचा धंदा करतो. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि तेही लवकर सुटले. यंत्राचे शास्त्र मी शाळेत शिकलेलो नाही. जे कळते ते गॅरेजच्या बाकड्यावर बसून आणि बिले भरून कळले आहे. तेव्हा हा एका गिऱ्हाइकाचा तजुर्बा आहे असे समजून वाचावे.

गाडी खालून घासू लागली

आमची बोलेरो २००७ सालची. मालेगावच्या लुंग्या आणि सुरतेच्या साड्या घेऊन आम्ही वणीच्या बाजूला, ननाशीकडे आणि पेठ-सुरगाण्याच्या वाड्यांपर्यंत जातो. मोठा रस्ता चांगला आहे, पण वाडीकडे वळले की खडी, चाकोरी आणि उघडे पडलेले दगड. मागच्या पावसाळ्यात गाडी खालून घासू लागली. पहिल्यांदा सायलेन्सर, मग डिझेलच्या टाकीखालची पट्टी, मग मागचे पायदान.

भाचा गाडी चालवतो. त्याने एके दिवशी सांगितले, “मामू, दोन इंच उंच करून टाकू. पूर्ण किट मिळतोय. पुढच्या स्प्रिंगखाली गोल ठोकळे, मागे लांब शॅकल, एका दुपारी काम होतं.” किटचा भाव नव्या दोन टायरांपेक्षाही कमी होता. विकणाऱ्याने खोक्यावर घाटात चढणाऱ्या गाडीचे चित्र लावले होते. मी कापडवाला माणूस. खोक्यावरच्या चित्राला भुलून ठाण घेतले तर काय होते हे मला माहीत आहे. तरी भाव ऐकून माझेही मन झाले होते.

सुदैवाने त्याच आठवड्यात नाशिकला पाट्यांचे काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीचाचांकडे जाणे झाले. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी खिशातून टेप काढली. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत चारही कोपरे मोजले. मग शेजारी दुरुस्तीला आलेली त्याच मॉडेलची, कमी चाललेली एक गाडी होती, तीही मोजली. पुढची दोन्ही मापे जवळजवळ सारखी आली. मागे मात्र आमची गाडी डाव्या बाजूला ४० मिलिमीटर आणि उजव्या बाजूला ५५ मिलिमीटर खाली होती. दोन इंच म्हणजे ५१ मिलिमीटर. भाचा जेवढी उंची विकत घ्यायला निघाला होता, साधारण तेवढीच आमच्या गाडीने गमावलेली होती.

चाचा म्हणाले, “भाई, गाडी बसली आहे. आधी तिला उठवा. उंच करायचं नंतर बघू.”

गाडी का बसली, हेही मला विचारावे लागले नाही. टेम्पोचे भाडे वाचवण्यासाठी मीच मागची सीट काढून तिच्यात छतापर्यंत गठ्ठे भरत असे आणि वर कॅरिअरलाही बांधत असे. खासगी पासिंगच्या गाडीत असा धंद्याचा माल भरणे नियमात बसत नाही, हे मला तेव्हा सोयीने आठवत नसे. हा गाडीचा दोष नव्हता, ओझ्याचा होता. टेम्पोचे जे भाडे मी वर्षानुवर्षे वाचवले असे समजत होतो, ते पाट्यांनी लिहून ठेवले होते.

मला म्हणायचे आहे ते एवढेच. जुन्या गाडीच्या बहुतेक मालकांना उंची वाढवायची गरज नसते, गमावलेली उंची परत मिळवायची असते. या दोन कामांचा खर्च वेगळा, धोका वेगळा आणि कायदाही वेगळा आहे.

कोणती गाडी कशावर उभी आहे

आपल्या नाशिककरांना या गाड्या परक्या नाहीत. बोलेरो आणि स्कॉर्पिओ आपल्याच सातपूरच्या कारखान्यात तयार होतात. १९४५ मध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. कंपनीने सुरुवातीला विलीज जीप जुळवून विकली. त्या जीपची चारही चाके पाट्यांवर होती, आणि तिच्यानंतरच्या कितीतरी गाड्यांनी निदान मागे तरी पाटे ठेवले. म्हणूनच पाटे बांधणारा कारागीर आपल्याकडे तालुक्याच्या गावीही सापडतो. स्वस्त उपाय शोधणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. हुन्नर दाराशी असताना खोके दुरून मागवण्याची घाई कशाला?

तर आधी आपली गाडी खालून पाहावी. जुन्या जीप, आर्माडा आणि मारुती जिप्सी यांना पुढे-मागे पाटे आहेत. सुमोला आणि आमच्यासारख्या बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. पहिल्या पिढीच्या स्कॉर्पिओला पुढे पिळाची सळई, म्हणजे टॉर्शन बार असतो. एकाच नावाच्या गाडीत सालानुसार फरक असतो, त्यामुळे ‘सर्व गाड्यांना चालणारा किट’ असे कोणी म्हणाला तर तिथेच सौदा थांबवावा. सर्व अंगांना बसणारा सदरा अजून कोणत्या शिंप्याने शिवलेला नाही.

उंच करण्याचे स्वस्त मार्ग आणि त्यांची खोट

बाजारात जे स्वस्त मार्ग आहेत ते एकेक पाहू.

पहिला, कॉइल स्प्रिंगच्या वर किंवा खाली ठोकळा घालणे. गाडी लगेच उंच दिसते. पण स्प्रिंग तीच राहते, तिची ताकद वाढत नाही. चाकाला खाली लोंबण्यासाठी जी जागा असते ती मात्र कमी होते. मग खड्ड्यातून जाताना बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर शेवटच्या टोकाला जाऊन आदळतात.

दुसरा, मागे लांब शॅकल लावणे. यात हिशोबाची एक गंमत आहे. पाट्याचे एक टोक पक्के असते आणि दुसरे शॅकलवर. त्यामुळे शॅकल दोन इंच लांब केली तरी एक्सलच्या जागी गाडी साधारण एकच इंच उठते. वर एक्सलही थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर कोन वाढतो. लांब शॅकल बाजूला डुलते ते वेगळेच.

तिसरा, पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा. हा फक्त मागच्या एक्सलला चालतो, तोही एकच आणि घट्ट बसणारा, आणि त्याबरोबर तेवढ्याच लांबीचे नवे यू-बोल्ट हवेत. एकावर एक दोन ठोकळे ठेवणे किंवा पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या एक्सलला ठोकळा घालणे हा जिवाशी खेळ आहे. जोराचा ब्रेक लागला की पुढचा ठोकळा निसटू शकतो.

चौथा, पाट्यांच्या संचात एक पाटा वाढवणे. यात उंची आणि ताकद दोन्ही मिळतात. पण रिकामी गाडी कडक होते आणि पोरेबाळे मागे बसली तर उडतात. शिवाय पाटा वाढवला म्हणजे वजन नेण्याचा परवाना वाढला असे नाही. चेसिस, एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक हे जुनेच असतात.

पाचवा, टॉर्शन बारचा बोल्ट आवळणे. याला पैसे पडत नाहीत म्हणून तो सर्वांत मोहक वाटतो. थोडी बसलेली गाडी मूळ मापावर आणायला तो बोल्ट दिलेला आहे. मापाच्या वर आवळला तर चाक खाली जायला जागा उरत नाही, टायर एका कडेने झिजतात आणि गाडी धक्के देते.

सहावा, चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे. याने बॉडी उठते, चेसिस आहे तिथेच राहते. दगड लागतो तो चेसिसखालच्या वस्तूंना. म्हणजे आपला प्रश्न जसाच्या तसा.

सगळ्यात खालची वस्तू कोणती?

ही गोष्ट मला चाचांनी जमिनीवर बसवून दाखवली. बोलेरोच्या मागच्या भागात सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा. तो एक्सलवर आहे आणि एक्सल चाकांवर. वरचे स्प्रिंग किंवा पाटे कितीही उंच केले तरी तो गोळा जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. ज्याची गाडी चाकोरीमधल्या उंचवट्यावर या गोळ्याला घासते, त्याने दोन इंची किट बसवला तरी ती तिथेच घासणार.

एक्सल वर जातो तो फक्त मोठ्या टायरने. त्याचाही हिशोब करून पाहू. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५ या मापाचा. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. टायरची भिंत २१५ च्या ७५ टक्के, म्हणजे १६१.२५ मिलिमीटर, आणि ती वर-खाली दोनदा धरायची. एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर झाला. आता २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो. फरक ३० मिलिमीटरचा, पण एक्सल त्याच्या निम्म्याने, म्हणजे १५ मिलिमीटरच वर जातो. बोटभरही नाही. उलट काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२.५ च्या वर धावत असते, इंजिनाला चढावर जास्त जोर लावावा लागतो, आणि पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डला लागतो की नाही ते वेगळे पाहावे लागते. हा आकडा कळल्यावर भाच्याचा मोठ्या टायरांचा आग्रहही थंड झाला.

आमच्या गाडीत घासत होते ते सायलेन्सर, टाकीची पट्टी आणि पायदान. हे तिन्ही चेसिसला किंवा बॉडीला टांगलेले असतात. पाटे बसल्यामुळे ते खाली आले होते. म्हणजे पाटे दुरुस्त केले की तेही वर जाणार होते. कुठे घासते हे आधी खडूने खूण करून पाहिले तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

किटच्या बिलात न लिहिलेला खर्च

आपल्याकडे गिऱ्हाईक कापडाचा भाव विचारते आणि शिलाई विसरते. किटचेही तसेच आहे. गाडी दोन इंच उठवली की पुढचे प्रश्न रांगेने येतात. शॉकॲब्सॉर्बर तोकडे पडतात, ते बदलावे लागतात. ब्रेकचा रबरी पाइप चाक लोंबले की ताणला जातो, तो लांब हवा. चाकांचे अलाइनमेंट बिघडते आणि प्रत्येक मशीनवर ते पूर्ण जुळेलच असे नसते. हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला एक वजन ओळखणारा व्हॉल्व असतो. बॉडी आणि एक्सल यांमधले अंतर वाढले की गाडी रिकामी आहे असे त्याला वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडी भरलेली, उतार घाटाचा आणि मागचा ब्रेक अर्धा, याचा अर्थ वाचकांना सांगायला नको.

हा सारा खर्च मांडला तर स्वस्त किट स्वस्त राहत नाही. आणि तो न मांडता नुसते ठोकळे बसवले तर पैसे वाचतात, पण जोखीम गाडीतल्या माणसांवर जाते. आमच्या गाडीत बाजाराच्या दिवशी मी आणि भाचा असतो, पण लग्नकार्याला त्याच गाडीत घरच्या बायका आणि सहा मुले असतात.

उंचीचा आणखी एक हिशोब आहे. गाडी कलंडण्याचा धोका दोन मापांवर ठरतो, दोन चाकांमधली रुंदी आणि वजनाचा मध्य किती उंच आहे ते. समजा रुंदी १४०० मिलिमीटर आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर. रुंदीच्या निम्म्याला उंचीने भागले तर उत्तर १ येते. उंची ५० मिलिमीटरने वाढवली की ते सुमारे ०.९३ होते. स्थैर्यातला सात टक्के भाग गेला. त्यावर कॅरिअरवर गठ्ठे बांधले की आणखी जातो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. पेठच्या वाटेवर सावळघाटात, पावसात, समोरून ट्रक आला आणि एकदम स्टिअरिंग फिरवावे लागले, तर तेव्हा जाणवते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड प्रत्येक बदलामागे आहे, हे शब्द नीट वाचावेत. ठोकळे, शॅकल आणि टायर वेगवेगळे मोजले गेले तर किटपेक्षा दंड मोठा होतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. जुनी गाडी म्हणजे तपासणी ठरलेलीच. तिथे गाडी अडली तर किट काढण्याची मजुरी पुन्हा आपल्याच खिशातून. अपघात झाला तर विमा कंपनीला न कळवलेला बदल हा दावा अडवण्याचे निमित्त होऊ शकतो. झिजलेले पाटे काढून त्याच मापाचे नवे पाटे बसवणे ही मात्र दुरुस्ती आहे. तिला कोणी हरकत घेत नाही.

आम्ही काय केले

आम्ही किट घेतला नाही. मागचे दोन्ही पाट्यांचे संच उतरवले. उजव्या संचातला एक पाटा तडकलेला निघाला, आणि त्यावर आम्ही कित्येक फेऱ्या केल्या होत्या. चाचांनी दोन पर्याय दिले. जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणे, किंवा मूळ मापाचे नवे संच बसवणे. कमान देणे स्वस्त, पण पोलाद थकलेले असेल तर थोड्याच दिवसांत ते पुन्हा बसते. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवलेला पाटा तर घेऊच नये, कारण त्याचे टेम्पर जाते आणि तो एक तर बसतो किंवा तुटतो. पोलादाला नीट तापवून, तेलात बुडवून, पुन्हा बेताची आच देऊन पाणी चढवावे लागते. ज्याच्याकडे ती सोय आहे त्यानेच ते काम करावे.

एक पाटा तडकलेला, गाडी जुनी आणि रस्ता तोच, म्हणून आम्ही नवे संच घेतले. सोबत बुश, शॅकलच्या पिना, यू-बोल्ट आणि मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर बदलले. यू-बोल्ट जुनेच परत लावू नयेत, ते एकदा ताणलेले असतात. पन्नासएक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळून घेतले. शेवटी अलाइनमेंट केले आणि टेप लावली. डावी बाजू ३८ आणि उजवी ५२ मिलिमीटर वर आली होती. खर्च ठोकळ्यांच्या किटपेक्षा जास्त झाला, हे मी लपवत नाही. पण किटसोबत जे बदलावे लागले असते ते सारे मिळवल्यावर जो आकडा येत होता, त्याच्यापेक्षा तो कमी होता. आणि तडकलेला पाटा किटने बरा झाला नसता. तो ठोकळ्याच्या वर तसाच राहिला असता.

गठ्ठे आता पुन्हा टेम्पोने जातात. बोलेरोत माणसे आणि हातातल्या पिशव्या, एवढेच. टेम्पोचे भाडे मी आता दुकानाच्या खर्चात लिहितो. इतकी वर्षे ते तिथेच लिहायला हवे होते.

ज्याला खरोखर गरज आहे त्याने

सर्वांनीच दुरुस्तीवर थांबावे असे माझे म्हणणे नाही. कोणाचा मळा ओढ्यापलीकडे असेल, कोणाला रोज दगडातूनच जावे लागत असेल, त्याची गरज खरी आहे. त्याने हा क्रम पाळावा. सपाट जागी, रिकामी गाडी, चारही टायरांत सारखी हवा, असे करून चारही कोपरे मोजावेत. झिजलेले सारे आधी बदलावे. मग पंधरा दिवस त्याच रस्त्याने गाडी चालवून पाहावी. तरीही घासत असेल तर सायलेन्सर किंवा पायदान वर बांधता येते का ते पाहावे, आणि टाकीखाली व इंजिनखाली जाड पत्र्याची ढाल लावता येईल का ते विचारावे. टायर बदलायचेच असतील तर कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापातच, खडबडीत रस्त्याच्या नक्षीचे घ्यावेत.

एवढ्यानेही भागत नसेल तर पैसे देण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारावे. आणि घ्यायचा तर स्प्रिंग, पाटे, शॉकॲब्सॉर्बर, बोल्ट एकमेकांना जुळणारा पूर्ण संच घ्यावा, एक-दीड इंचाच्या पुढे जाऊ नये, आणि विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. हा माझ्याच मॉडेलला आणि सालाला बनवला आहे का? ब्रेकच्या पाइपाचे काय? अलाइनमेंट कोण करून देणार? पक्के बिल आणि हमी लेखी देणार का? जो या प्रश्नांना हसतो त्याच्याकडून घेऊ नये.

एक गोष्ट मात्र किट घेणाऱ्याने आणि न घेणाऱ्याने सारखीच ध्यानात ठेवावी. फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर दोन इंच उंच गाडीही त्यात घालू नये. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते, आणि गाडी जरा तरंगली की टायरांची पकड सुटते. पाण्याखाली फरशी आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही. बाजार पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो.

कारागीर बांधवांना दोन शब्द

गॅरेज चालवणारे बरेच भाई हे पान वाचतात. गिऱ्हाईक किट घेऊन आले की ‘बसवून देतो’ म्हणणे सोपे असते, मजुरी लगेच मिळते. पण पुढच्या एक्सलला ठोकळा बसवायला किंवा लाल केलेला पाटा परत बांधायला नाही म्हणण्याचा हक्क कारागिराला आहे, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. गाडी आत घेताना चार कोपऱ्यांची मापे कागदावर लिहावीत, काम झाल्यावर पुन्हा लिहावीत आणि तो कागद बिलासोबत द्यावा. याला पाच मिनिटे लागतात. ज्या मिस्त्रीने मला असा कागद दिला, त्याच्याकडे मी आता ओळखीच्या तीन गाड्या पाठवल्या आहेत. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर मीटर लावून माल फाडला की ते पुन्हा येते. गॅरेजलाही हाच नियम लागू आहे.

आमची गाडी या पावसाळ्यात ननाशीकडे सगळ्या फेऱ्या करून आली. एका ओढ्याच्या चढावर ती अजूनही खालून लागते. तिथे आम्ही सगळे उतरतो, भाचा रिकामी गाडी सावकाश वर घेतो, आणि आम्ही मागून चालत जातो. दोन मिनिटांचे काम आहे.